मुलांसाठी बेसिकमधून गेम बनवायला शिकवणारी मराठी मालिका सुरू करतोय, सल्ला हवाय

कऱ्हाडी_कर्सर

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, ते आता करायचंच ठरवलंय. दिवाळीच्या सुट्टीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेतून छोटे छोटे गेम बनवायला शिकवणारी ऑनलाईन मालिका, पूर्ण मराठीतून आणि फुकट. मी काही सॉफ्टवेअरवाला नाही, साखर कारखान्यात अकाउंट्सला आहे. पण १९९७ मध्ये गावातल्या एका क्लासमध्ये क्यूबेसिक (विंडोजच्या आधीच्या डॉसबरोबर यायचं ते मायक्रोसॉफ्टचं बेसिक) शिकलो होतो. चपला बाहेर काढायच्या, एसीच्या खोलीत एका कॉम्प्युटरवर दोघं, अर्धा तास तो टाईप करणार अर्धा तास मी, आणि सर शिकवायचे काय तर सरळव्याज आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ. एक दिवस डॉसच्या फोल्डरमध्ये गोरिलाची फाईल सापडली, उघडली तर गेम, दोन गोरिला एकमेकांना केळी फेकून मारतात असा, आणि नुसता गेम नाही, त्याचा सगळा कोड समोर! केळ्याचा रंग बदलला आणि तेवढ्यात सर मागे उभे. खाल्लेली बोलणी विसरलो, ते निळं-हिरवं केळं काही विसरलो नाही.

आता भाची सातवीत आहे. शाळेत संगणक विषय आहे म्हणजे पेंटमध्ये घर काढते आणि सीपीयूचा फुलफॉर्म पाठ करते. मे महिन्यात आमच्याकडे आली होती तेव्हा तिला चार दिवस बसवून "आकडा ओळखा" करून घेतला, तर तिसऱ्या दिवशी बाईसाहेब शेजारची तीन पोरं घेऊन हजर. तिथून ही कल्पना.

मालिकेचा आराखडा असा केलाय: पहिल्या भागात बेसिकचा इतिहास (१९६४, डार्टमथ कॉलेज, केमेनी आणि कुर्ट्झ वगैरे) आणि इन्स्टॉलेशन, मग प्रिंट, मग व्हेरिएबल, इनपुट, इफ, लूप, ॲरे, ग्राफिक्स, साऊंड, आणि बाराव्या भागात पहिला पूर्ण गेम. तीन भाग रेकॉर्ड पण झालेत.

विचारायचंय हे की जुनं क्यूबेसिक डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे प्रोग्राम आजच्या मशीनवर चालवतं ते) चालवायला सांगू का क्यूबी६४ (क्यूबेसिकचाच नवा अवतार) घेऊ? व्हिडिओ बरा का लिहिलेलं? ओळींना नंबर द्यायचे का? आणि ज्यांच्या घरी फक्त मोबाईल आहे त्यांचं काय करायचं? कुणी असं काही चालवलं असेल तर मोकळेपणाने सांगा, चुका काढल्यात तरी चालेल.

---

निबल्सचा_साप

वा वा, धागा बघूनच अंगावर काटा आला राव. निबल्स (तो सापाचा गेम) आणि गोरिला, डॉस ५ बरोबर १९९१ पासून फुकट यायचे ते. आमच्या लॅबमधला मॉनिटर ब्लॅक अँड व्हाईट, त्यामुळे साप पण राखाडी आणि भिंत पण राखाडी, आपटल्यावरच कळायचं की भिंत होती.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, डोळे झाकून क्यूबी६४ घ्या, त्यातही फिनिक्स एडिशन. जुनं क्यूबेसिक १६ बिटवालं आहे, आताच्या ६४ बिट विंडोजवर ते सरळ चालतच नाही, म्हणून डॉसबॉक्स लागतो, आणि सातवीच्या पोराला पहिल्याच दिवशी "माऊंट सी" कर म्हणून सांगणार असाल तर अर्धी पोरं तिथूनच घरी. क्यूबी६४ विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीकडे चालतं, जुना कोड बहुतेक जसाच्या तसा घेतं, वर फोटो, आवाज, माऊस सगळं सोपं.

फक्त दोन गोष्टी पहिल्या भागातच सांगून टाका. ते आतून सीप्लसप्लसमध्ये रूपांतर करून मग ईएक्सई बनवतं, म्हणून एफ५ दाबल्यावर लगेच काही होत नाही, जुन्या लॅपटॉपवर तर चांगलं अर्धा मिनिट नुसतं बसून राहावं लागतं आणि पोरं परत परत एफ५ दाबत बसतात. आणि दुसरं म्हणजे अँटीव्हायरस. नवीन बनलेली अनोळखी ईएक्सई दिसली की कधीकधी उचलून कोपऱ्यात टाकतो, पोराला वाटतं माझा गेम गायब झाला आणि आईबाबांना वाटतं काहीतरी व्हायरस आणलाय ह्या काकाने. त्यासाठी एक स्वतंत्र फोल्डर करून त्याला सूट द्यायला शिकवा.

मोबाईलवाल्यांसाठी क्यूबीजेएस बघा, ब्राउझरमध्येच चालतं. सगळ्या कमांड नाहीत त्यात पण सुरुवातीच्या भागांना पुरतं. मात्र मोबाईलच्या कीबोर्डवर डॉलरचं चिन्ह शोधत बसणं म्हणजे शिक्षाच आहे, जमलं तर एखादा ओटीजी कीबोर्ड जोडायला सांगा.

---

उगाच_शंका

माफ करा, पण थोडं थंड पाणी ओततो. २०२०च्या पुढच्या जमान्यात बेसिक कोण शिकतं? पोरांना पायथन शिकवा ना, पुढे नोकरीला तरी उपयोगी पडेल. डाइकस्ट्रा या नावाजलेल्या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की बेसिकची सवय लागलेल्यांना चांगलं प्रोग्रामिंग शिकवणं जवळपास अशक्य आहे. आपल्या आठवणींसाठी पोरांचा वेळ घालवू नये असं माझं प्रामाणिक मत. राग नसावा.

---

जुना_फ्लॉपीवाला

@उगाच_शंका, सातवीतल्या पोराला आत्ताच कुठे नोकरीला लावताय हो! खेळू द्या की जरा.

डाइकस्ट्रा साहेब बोलले ते कुठल्या बेसिकबद्दल ते पण बघा. तेव्हाचं बेसिक म्हणजे ओळीला नंबर आणि पावलोपावली गोटू (म्हणजे "अमक्या ओळीवर उडी मार"), प्रोग्राम वाचायला गेलं की नूडल्सचा गुंता. मी १९८६ला शाळेत बीबीसी मायक्रोवर शिकलो, शाळांना कॉम्प्युटर देणाऱ्या सरकारच्या क्लास प्रोजेक्टमधून आला होता आमच्याकडे, त्याच्या बेसिकमध्ये तेव्हाच प्रोसिजर होत्या, रिपीट-अनटिल होतं. क्यूबेसिकमध्ये तर सब, फंक्शन, सिलेक्ट केस सगळं आहे. म्हणून धागाकर्त्याला सांगतो, नंबर देऊ नका ओळींना, आणि गोटू शिकवूच नका. कुठेतरी बघून येतीलच ते वापरत, तेव्हा रागावू नका, फक्त त्याच प्रोग्राममध्ये मधे पाच ओळी वाढवायला सांगा. आपोआप कंटाळतात.

पायथनचं म्हणाल तर भाषा उत्तम आहे, मी रोज त्यातच काम करतो. पण पडद्यावर एक पिवळा चेंडू आणायचा तर आधी पायगेम इन्स्टॉल, मग इनिट, मग विंडो, मग इव्हेंटचा लूप, मग फ्लिप, आणि यातलं काय कशासाठी ते पोराला पुढचे सहा महिने कळत नाही. इथे काय आहे बघा (इथे देवनागरीत लिहितोय, टाईप इंग्रजीत करायचं):

स्क्रीन १२
सर्कल (३२०, २४०), ५०, १४
पेंट (३२०, २४०), १४, १४

संपलं. ६४० बाय ४८०च्या पडद्यावर मधोमध पिवळा गोळा. यातला १४ बदलून ४ केला की लाल. पोराला कुणी सांगावं लागत नाही, तो स्वतःच ० ते १५ सगळे रंग लावून बघतो.

आणि धागाकर्ते, तुमच्या आराखड्याबद्दल एक बोलू का? बाराव्या भागात पहिला गेम! अहो गेम शिकायला आलेलं पोर अकरा भाग थांबेल का? तुम्ही स्वतःच लिहिलंय की क्लासमध्ये सरळव्याज शिकवायचे आणि आठवणीत राहिलं ते केळं. मग तुमच्या मालिकेत केळं बाराव्या भागात का? इतिहास तर पूर्ण काढून टाका. केमेनी-कुर्ट्झबद्दल मला स्वतःला फार आदर आहे, विज्ञान न शिकणाऱ्या पोरांनाही कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून त्यांनी ती भाषा केली, पण नेमकं म्हणूनच त्यांच्या नावाने पोरांना आठ मिनिटं ताटकळत ठेवू नका.

---

खडू_फळा_माऊस

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, गणित-विज्ञान, आणि गेली काही वर्षं शनिवारी दुपारी मुलांना थोडंफार कोडिंग शिकवते. फ्लॉपीवाले दादा म्हणतात त्याला +१. पहिल्याच तासाला चालणारा गेम हातात द्यायचा आणि मग तो मोडायला सांगायचा. मी "आकडा ओळखा"च देते, सातच ओळी आहेत (आरएनडी म्हणजे ० ते १ मधला कुठलाही आकडा):

आकडा = इंट(आरएनडी * १००) + १
डू
इनपुट "किती", उत्तर
इफ उत्तर < आकडा देन प्रिंट "अजून मोठा"
इफ उत्तर > आकडा देन प्रिंट "अजून लहान"
लूप अनटिल उत्तर = आकडा
प्रिंट "शाब्बास"

समजावून काहीच सांगत नाही. टाईप करा, खेळा, मग १००च्या जागी १००० करा, मग "शाब्बास"च्या जागी मित्राचं नाव घाला. व्हेरिएबल म्हणजे काय हे मुलं तेव्हा विचारतात जेव्हा त्यांना "किती वेळा चुकलो" ते मोजायचं असतं. प्रश्न त्यांच्याकडून आला की मग पाच मिनिटांत कळतं, नाहीतर डबा आणि डब्यातला लाडू वगैरे उदाहरणं देऊन आपला घसा बसतो.

व्हिडिओ का लिखित, तर दोन्ही, पण कोड लिहिलेला हवाच हवा. मुलं व्हिडिओ पॉज करून टाईप करतात, स्क्रीनवर अक्षर बारीक, त्यात शून्य आणि ओ मधला फरक दिसत नाही, कोलन आणि सेमीकोलनचा तर कायमचा घोळ. मी एका पानाचं पीडीएफ देते, मोठा टाईप. आणि एक सांगते, यात माझा एक अख्खा शनिवार गेलाय. कोड वर्डमध्ये टाईप करू नका! वर्ड साधी अवतरणचिन्हं बदलून ती वाकडी शोभेची करतं, दिसायला छान, पण मुलांनी तिथून कॉपी-पेस्ट केलं की बेसिकला ती ओळखूच येत नाहीत. बावीस मुलं, सगळ्यांना एकच एरर, आणि मी तासभर सेमीकोलन शोधत बसलेली. नोटपॅड वापरा.

अजून एक, पडद्यावर मराठी अक्षरं प्रिंट करायला जाऊ नका सुरुवातीला. बेसिकचं प्रिंट एकेक अक्षर सुटं छापतं, आपल्या वेलांट्या आणि जोडाक्षरं त्याला झेपत नाहीत. आम्ही मराठी रोमनमध्ये लिहितो, आणि "खेळ संपला" अशी मोठी पाटी हवीच असेल तर पेंटमध्ये लिहून चित्र म्हणून आणतो. तुमच्या भाचीची पेंटमधली विद्या तिथे कामी येईल :)

---

फेकफेक_विटी

मी थोडं पुढचं सांगतो कारण पहिला गेम सोपा असतो, गाडी अडते ती तिसऱ्या-चौथ्याला. आकडा ओळखा मध्ये कॉम्प्युटर विचारतो आणि आपण एंटर मारेपर्यंत गपगुमान थांबतो. पळणाऱ्या सापाला थांबून चालत नाही. म्हणजे इनपुट सोडून इंकी डॉलर वर यायचं, तो दारात उभं न राहता नुसता डोकावून जातो, कळ दाबली असेल तर सांगतो नसेल तर रिकामा हात दाखवून पुढे. हा एक बदल नीट समजला की पोरगं प्रोग्राममधून गेममध्ये आलं असं समजा, याला एक पूर्ण भाग द्या, घाई करू नका.

बाणाच्या कळा मात्र छळतात. इंकी डॉलरमध्ये त्या दोन अक्षरी येतात, पहिलं अक्षर शून्य कोडचं आणि दुसरं वरच्यासाठी एच, खालच्यासाठी पी, डावीकडे के, उजवीकडे एम. शिवाय कळ दाबून धरली की एकदा हलतं, मग जरा अडखळतं, आणि मग सुसाट सुटतं, कारण कीबोर्डचा रिपीट तसाच असतो. क्यूबी६४ मध्ये अंडरस्कोर कीडाऊन आहे ते वापरा, डाव्या बाणाला १९२००, उजव्याला १९७१२. हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत, केचा कोड ७५ गुणिले २५६ म्हणजेच १९२००. नववीच्या पोरांना हे सांगितलं की डोळे चमकतात, सहावीच्यांना सांगू नका.

वेगाचं पण तेच. जुन्या पुस्तकातले गेम थांबण्यासाठी रिकामा फॉर लूप फिरवायचे, ३८६च्या जुन्या कॉम्प्युटरवर ठीक होतं, आजच्या मशीनवर साप दिसायच्या आत मरतो. अंडरस्कोर लिमिट ६० लिहा, सेकंदाला साठ फेऱ्या, विषय कट. आणि पडदा लुकलुकतो म्हणून पोरं रडतात, कारण पुसणं पण दिसतं आणि काढणं पण दिसतं. सगळं काढून झाल्यावर शेवटी अंडरस्कोर डिस्प्ले, म्हणजे पूर्ण झालेलंच चित्र पुढे येतं.

आता माझी खास शिफारस. गोरिलाच्या जागी विटीदांडू करा. गणित तेच, पोरांना जवळचं. प्रत्येक फेरीला विटीचा आडवा वेग एक्स मध्ये मिळवायचा, उभा वेग वाय मधून वजा करायचा (पडद्यावर वाय खाली वाढतो, आलेखाच्या कागदाच्या उलटं, इथे प्रत्येक जण एकदा आपटतोच), आणि उभा वेग दर फेरीला थोडा थोडा कमी करायचा, ते गुरुत्वाकर्षण. कोन विचारू नका सुरुवातीला. त्रिकोणमिती नववीत येते, आणि वर बेसिकचे साईन-कोसाईन रेडियनमध्ये, अंशात नाही. माझ्या पुतण्याने ४५ टाकलं तर विटी बऱ्यापैकी वर गेली, आम्ही खूश. ३० टाकलं तर जमिनीत घुसली, ६० टाकलं तर त्याच्याच अंगावर मागे आली. दोन दिवस आम्ही दोघं गुरुत्वाकर्षणाला शिव्या देत होतो. ३.१४१५९ ने गुणून १८०ने भागायचं राहिलं होतं. त्यापेक्षा "आडवा जोर किती, उभा जोर किती" असं सरळ विचारा.

---

उगाच_शंका

बरं. विटीदांडू वाचून माझा विरोध जरा मवाळ झालाय. भाग आले की लिंक टाका, मुलाला दाखवतो. पण नववीनंतर पायथन, यावर मी ठाम आहे.

---

कऱ्हाडी_कर्सर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं. रेकॉर्ड केलेले तिन्ही भाग डिलीट केले (इतिहासाच्या भागाचं वाईट वाटलं, पार्श्वसंगीत वगैरे टाकलं होतं). आता पहिला भाग अकरा मिनिटांचा, चौथ्या मिनिटाला गेम चालू. ताईंच्या सात ओळी घेतल्या, पीडीएफ नोटपॅडवरून. दुसरा त्यातच चुका मोजणं आणि रंग, तिसरा सापशिडी नुसत्या अक्षरांमध्ये, चौथा इंकी डॉलर, मग साप, आणि शेवटी विटीदांडू. वसुबारसेला पहिला भाग टाकतोय.

---

कऱ्हाडी_कर्सर

अपडेट द्यायला आलोय. तीन भाग झाले, नियमित करणारी पोरं चौदा आहेत, त्यातली नऊ ओळखीतलीच, पण असू दे.

एक मजा झाली ती सांगतो. पहिल्या भागानंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर एका पोराने लिहिलं, "काका माझा आकडा ७१ होता", खाली दुसऱ्याने लिहिलं "माझा पण", मग तिसरी, मग माझी भाची. सगळ्यांचा ७१! मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. मग लक्षात आलं, रँडमाइझ टायमर ही घड्याळ बघून दर वेळी नवी सुरुवात करून देणारी ओळच नाही त्यात, आणि त्याशिवाय आरएनडी दर वेळी पहिल्यापासून तीच रांग देतं, पहिला आकडा ०.७०५५ आणि काहीतरी, शंभरने गुणून एक मिळवला की ७१. ताई, तुम्ही मुद्दाम गाळली होती ना ती ओळ?

सापशिडीत तर फासे कायम ५, ४, ४, २, २ असेच पडत होते. पोरांनी चौथ्या खेळातच पकडलं आणि पाठ केलं.

---

खडू_फळा_माऊस

हो, मुद्दामच :) सांगून शिकवली की ती ओळ कुणाच्या लक्षात राहत नाही. ७१ सापडला की आयुष्यभर राहते.

---

कऱ्हाडी_कर्सर

राहते, पण एक अडचण आलीय. काल चौथ्या भागात रँडमाइझ शिकवलं आणि सगळ्यांना जुन्या गेममध्ये ती ओळ घालायला लावली. तेरा जणांनी घातली. सहावीतला एक आहे, तो काही केल्या घालायला तयार नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं, आठवडाभर तो गल्लीतल्या पोरांशी लिमलेटच्या गोळीची पैज लावतोय की "मी एका फटक्यात आकडा ओळखतो", दर वेळी गेम बंद करून नव्याने चालू करतो आणि ७१ टाकतो. आतापर्यंत सव्वीस गोळ्या जमल्यात म्हणे. आता ह्याला कुठल्या तोंडाने सांगू की तुझा प्रोग्राम चुकीचा आहे?